स्वामीजींची सुटका

मंडळी, हे आपलं पूर्णा जंक्शन तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, रेल्वेसुद्धा त्याचीच. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि इकडे हैदराबाद संस्थानात स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली.

२९ नोव्हेंबरला भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. दुसऱ्याच दिवशी स्वामीजी सुटले. आता ही सुटका कसली म्हणायची? स्टेट काँग्रेसची मूळ मागणी जबाबदार राज्यपद्धतीची. निजामानं तुरुंगाचं दार उघडलं खरं, पण किल्ली स्वतःकडेच ठेवली. रझाकार मोकाटच होते. त्यांचा पुढारी कासिम रझवी, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातला, लातूरचा वकील! जानेवारी १९४८ मध्ये स्वामीजी पुन्हा आत. बाहेरचे कार्यकर्ते मात्र सुटकेची वाट बघत बसले नाहीत. सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात, उमरखेडसारख्या ठिकाणी, त्यांचे कॅम्प चालू होते.

स्वामीजी बाहेर आले १७ सप्टेंबरला, निजाम शरण आला त्या दिवशी. पण कारभार गेला जनरल चौधरींच्या लष्करी प्रशासनाकडे. लोकांनी निवडलेलं सरकार यायला १९५२ उजाडलं.