राजाबाई टॉवर : एका जैन मातेचे स्मारक

कापसाचा भाव माणसास चढवितो तसा उतरवितोही, हे बीड जिल्ह्यास वेगळे सांगणे नको. अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा मूळचे सुरतचे जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी प्रत्येकी २ लाख रुपये दिले. मनोऱ्यावर नाव मात्र स्वतःचे नव्हे, मातोश्री राजाबाईंचे! दृष्टी गेलेल्या, सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य मानणाऱ्या मातेस घंटानादाने वेळ कळावी, हा त्यामागील हेतू होता अशी आख्यायिका आहे.

१८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, प्रेमचंदांचे वैभव ओसरले. दिलेले दान तेवढे उरले. सर गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न ठेवता आराखडे रचले. १८६९ मध्ये पायाभरणी होऊन १८७८ मध्ये सुमारे २८० फूट उंचीचा मनोरा उभा राहिला.

समुद्रावरील खारी हवा आणि पावसाळे यांपुढे दगडही झिजतो. २०१३ ते २०१५ या काळात वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली दगडकाम व रंगीत काचा निगुतीने दुरुस्त झाल्या; खर्च टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने उचलला. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहासह हा मनोराही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.