साडेतीन मिलिमीटर

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर हेडफोन जॅक उघडला की आत इवल्याशा धातूच्या पट्ट्या दिसतात. पिन आत गेली की त्या तिला चिमटीत धरतात. पिनेवरच्या काळ्या कड्यांनी तिचे भाग पाडलेले असतात: टोकाकडून डावा कान, मग उजवा, मग ग्राउंड आणि माइक. काही जुन्या फोनांत शेवटचे दोन उलटे. म्हणूनच एकाचा इअरफोन दुसऱ्याला चालत नसे.

या साडेतीन मिलिमीटरच्या पिनेची थोरली बहीण पाव इंची. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर तीच खुपसून दोन माणसांना जोडून देत. गिटारला ती अजून लागते! धाकटी आली ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर. 1979 च्या पहिल्या वॉकमनला तर दोन जॅक होते, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. ही कल्पना मला फार आवडते.

2016 मध्ये आयफोन 7 मधून जॅक गेला. जागा हवी, पाणी शिरू नये, अशी कारणं दिली गेली. पाण्याचं मला पटत नाही; त्याच वर्षीचा गॅलेक्सी एस 7 जॅक ठेवूनही पाण्यात टिकत होता.

वायरलेसची सोय मी नाकारत नाही. पण फोनमधल्या एफएमला इअरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते. जॅक गेला आणि डेटा न जाळता फोनवर एफएम ऐकणाऱ्यांचं स्टेशनही गेलं. माझ्याकडे येणारे म्हातारे गिऱ्हाईक म्हणूनच जुना फोन पुन्हा पुन्हा दुरुस्त करून नेतात.