धोंडूचा सिद्धार्थ : आपल्या वस्तीतील नावांचा इतिहास

विहाराच्या स्मरणिकेत दरवेळी लढ्यांचा, मोर्चांचा, सभांचा इतिहास येतो आणि तो आलाच पाहिजे. पण एक इतिहास आपण रोज तोंडाने बोलतो आणि त्याकडे बघत मात्र नाही. तो म्हणजे आपल्या पोराबाळांची नावे. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, गिरणी कामगार आहे. जे वाचले, वडीलधाऱ्यांकडून ऐकले आणि वस्तीत डोळ्यांनी बघितले, ते धम्मबांधवांपुढे मांडतो.

आमची पिढी १९७० च्या आगेमागे जन्मलेली. म्युनिसिपल शाळेत आमच्या एका वर्गात गौतम तीन, सिद्धार्थ दोन. राहुल, मिलिंद, आनंद, अशोक तर होतेच. मुलींत सुजाता, गौतमी, यशोधरा, संघमित्रा, रमा. चाळीच्या गॅलरीतून एखाद्या आईने "गौतम" म्हणून हाक मारली की खाली खेळणारी तीन-चार पोरं एकदम वर बघायची. मग काळा गौतम, उंच गौतम, अकरा नंबरचा गौतम अशी ओळख पडायची. पण गुरुजी हजेरी घेताना बापाच्या नावासकट वाचायचे, तेव्हा खरी गंमत कळायची. सिद्धार्थ धोंडू. मिलिंद भिकू. संघमित्रा केरू. एका ओळीत दोन युगे.

आता ही धोंडू, दगडू, भिकू, केरू, कचरू, कोंडाबाई, ठकू, नकुशी ही नावे आली कुठून? आपल्या सभांत याचे एक उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे मनुस्मृती. त्यात तथ्य आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे नाव मात्र तिरस्कार वाटेल असे असावे. आपली माणसे तर त्या चौकटीच्याही बाहेर टाकलेली. तेच पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले गेले.

पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. स्त्री-शिक्षणासाठी आयुष्य घालवणारे महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो, आणि ते ब्राह्मण होते. मूल जगत नसले की त्याला दगडधोंड्याचे, केराचे नाव ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागत नाही आणि मरण त्याच्याकडे फिरकत नाही, ही समजूत सगळ्याच जातींत होती. कुणी मूल केरात लोळवायचे, कुणी मूठभर कोंड्याला दुसऱ्याला देऊन परत घ्यायचे, म्हणून कोंडू आणि कोंडाबाई. मुलगी नको म्हणून नकुशी, ही रीतही एका जातीची नव्हे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींना नवी नावे देण्याचा कार्यक्रम सरकारला घ्यावा लागला.

मग आपला अपमान कुठे होता? माझ्या मते तो नावात कमी आणि हाकेत जास्त होता. त्यांचा धोंडो मोठा झाला की धोंडोपंत व्हायचा. आपला धोंडू म्हातारा झाला, नातवंडे झाली, तरी पाटलाच्या पोरासाठी "ए धोंड्या"च. बायकांचे तेच, गंगे, भागे, ठके. वडिलांच्या पिढीला गिरणीतही यातनं सुटका नव्हती. साचेखात्यात त्यांना घेत नसत, का तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो. सूत कातायच्या खात्यात घाम गाळायचा आणि जॉबरची तीच हाक ऐकायची.

आणखी मागे गेले तर आपल्या नावांना मानाची एक शेपटी होती, "नाक". खर्ड्याच्या लढाईतला शिदनाक आपल्याला माहीत आहे. १ जानेवारी १८१८ च्या भीमा कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे स्तंभावर कोरली आहेत. त्यांतले २२ महार शिपाई कसे ओळखले गेले? नावाच्या शेवटी असलेल्या "नाक" या अक्षरांवरून. दगडावर नाव कोरले नसते तर आज आपण तिथे कुणाला मानवंदना देणार होतो?

बाबासाहेबांच्या घरातली नावे बघा. वडील रामजी, आजोबा मालोजी. स्वतःच्या मुलांची नावे यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. यात बौद्ध परंपरेतून मुद्दाम घेतलेले असे काही दिसत नाही. ती नावे बाबासाहेबांनी पुढे वास्तूंना आणि संस्थांना दिली. दादरचे घर राजगृह. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय आणि त्याचा परिसर नागसेनवन. फोर्टात आनंद भवन, बुद्ध भवन. दादरचा छापखाना बुद्धभूषण. ज्यांना पोथी वाचता येत नव्हती त्यांनी या पाट्या वाचल्या, नाहीतर कुणाकडून तरी वाचून घेतल्या. दीक्षेच्या आधीच ही नावे आपल्या लोकांच्या कानावर होती.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. मुंबईतही तसा सोहळा व्हायचा होता, पण त्याआधीच ६ डिसेंबर उजाडला. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप देताना लाखो लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा वाचून बघा, त्यात नावे बदला असे एका शब्दाने म्हटलेले नाही. तरी घराघरांत ते घडले. वडीलधाऱ्यांनी स्वतःची नावे बहुधा तशीच ठेवली, गॅझेटात देऊन बदलणारे थोडेच. पण पोटच्या पोराला त्यांनी राजपुत्राचे नाव दिले. हाकेला "या" लावणाऱ्यांची जीभ "सिद्धार्थ" म्हणताना अडखळावी, एवढी साधी योजना होती. (आम्ही पोरांनी त्याचाही "सिध्या" केलाच, तो भाग वेगळा.)

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. आपण नावे निवडली ती राजांची आणि राजपुत्रांची. अशोक, मिलिंद, महेंद्र, हर्षवर्धन, बिंबिसार. भगवंतांच्या संघात उपाली हा न्हावी होता, सुनीत हा झाडूवाला होता, सोपाक होता. बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात त्यांच्या दीक्षेच्या कथा मुद्दाम दिल्या आहेत. पण आपल्या वस्तीत एक उपाली सापडला तर शपथ, आणि सोपाक तर नाहीच. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडू मारला त्यांना पोराच्या नावात तरी झाडू नको होता. हे मला समजते, तरी खटकते.

नावासाठी आपल्या माणसांनी जीवही दिला आहे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि खेड्यापाड्यांत आपली घरे पेटली. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्याच्या थोडे आधी, १९९३ साली, नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. गौतम हे नाव ऐकले की मला आमच्या वर्गातले तिघे आठवतात आणि हे चौथेही.

आता दिवस पालटले. सिद्धार्थ, राहुल, गौतम ही नावे सगळ्या जातींत दिसतात. आपल्यात एकीकडे धम्मदीप, संबोधी, मेत्ता अशी पालीच्या वळणाची नावे आली, तर दुसरीकडे कुठल्या समाजाचे ते कळू नये अशी नावे तरुण आई-बाप शोधतात. त्यावर विहारात वाद झालेले मी ऐकले आहेत. भाड्याने खोली बघायला गेलेल्या पोराला नाव सांगितल्यावर "कळवतो" म्हणून परत पाठवले जाते, तेव्हा त्याच्या बापाला मी कुठल्या तोंडाने दोष देऊ? पण त्या लेकराला आजोबाचे नाव काय होते आणि ते तसे का होते, एवढे तरी घरात सांगावे.

हे सगळे लिहायला एक कारण घडले. विहाराच्या दुरुस्तीत देणगीदारांची जुनी पाटी काढली असून नवी संगमरवरी पाटी बसवायची आहे. काही तरुण कार्यकर्त्यांनी सुचवले की धोंडूचे धोंडीराम करावे, केरूचे केशव करावे, म्हणजे पाटी बरी दिसेल. माझा त्याला विरोध आहे आणि तो मी बैठकीत सांगितला आहे. आठ आणे, रुपया वर्गणी काढून ज्यांनी पहिली विटेची भिंत उभी केली ते धोंडू आणि केरूच होते. धोंडीराम नावाच्या कुणी वर्गणी दिलेली नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. वर्गणीच्या जुन्या वहीत पुरुषांची नावे आहेत. बायकांच्या पुढे मात्र "भिकूची आई", "केरूची मंडळी" एवढेच लिहिले आहे. अशा एकोणीस बाया आहेत. त्यांनी घमेली वाहिली, पण त्यांची नावे कुणी लिहिली नाहीत. ज्यांच्या घरात त्या होत्या त्यांनी आजीचे, पणजीचे खरे नाव म्हाताऱ्या माणसांना विचारून कळवावे. रेशनकार्डावर असेल, गावच्या कागदावर असेल. ठकू असेल तर ठकूच लिहू. वही दर रविवारी वंदनेनंतर विहारात ठेवलेली असते, आणि पाटी कोरायला अजून दिलेली नाही.