पोरांना शिकवायचं, बस रंगवायची की रस्ता बदलायचा?

हा एपिसोड तुम्ही ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकत असाल आणि घड्याळात सकाळचे सात किंवा दुपारचे साडेबारा वाजले असतील, तर पुढे एखादी शाळा असण्याची दाट शक्यता आहे. गेटसमोरचं चित्र तुम्हाला नव्याने सांगायला नको. व्हॅनवाले काका, रिक्षावाले काका, इंडिकेटर लावून भर रस्त्यात उभ्या केलेल्या गाड्या, स्कूटीवर पुढे एक आणि मागे एक पोरगं. या सगळ्यातून दप्तर सांभाळत वाट काढणारी, चालत आलेली मुलं. आणि कडेला 'पुढे शाळा आहे' असा बोर्ड, बहुतेक वेळा झाडाच्या फांदीमागे.

आज याच शंभर मीटरचा इतिहास बघूया. मुलांनी शाळेत जाऊन धड घरी परत यावं यासाठी जगात शंभर वर्षं भांडणं चालू आहेत. आणि दरवेळी भांडण येऊन अडतं ते एकाच ठिकाणी: बदलायचं कोणी?

सुरुवात अमेरिकेपासून. १९२० च्या आसपास तिथल्या शहरांत मोटारी भराभर वाढल्या. त्याआधी रस्ता म्हणजे चालण्याची, भाजी विकण्याची, मुलांनी खेळण्याची जागा. मोटारींखाली मुलं मरायला लागली तेव्हा लोकांचा राग सरळ मोटारींवर निघाला. काही शहरांत मेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ मिरवणुका निघाल्या, स्मारकं उभी राहिली. सिनसिनाटी शहरात १९२३ मध्ये ४२ हजार लोकांनी एका अर्जावर सह्या केल्या. मागणी काय, तर प्रत्येक मोटारीत असं यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांच्या वर जाणारच नाही. म्हणजे आपल्या हिशेबात साधारण ४० किलोमीटर. हा ४० चा आकडा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

मोटारवाल्यांनी जोरदार विरोधी प्रचार केला आणि मतदानात तो प्रस्ताव आपटला. त्यानंतर वारं फिरलं. 'जेवॉकर' हा शब्द पसरवला गेला. 'जे' म्हणजे गावंढळ, शहरात कसं चालायचं हे न कळणारा माणूस. बघा, काल ज्याला मोटारीने उडवलं, तोच आज अडाणी ठरला! शाळांमध्ये रस्ता सुरक्षेचे धडे सुरू झाले. शाळेतल्याच मोठ्या मुलांना पट्टे घालून क्रॉसिंगवर उभं करायची पद्धतही याच काळातली. त्याने मुलं वाचली नाहीत असं मी म्हणत नाही, नक्कीच वाचली असतील. पण त्या धड्याच्या पोटात एक गोष्ट गुपचूप शिकवली गेली: रस्ता गाडीचा आहे, तू तिथे पाहुणा आहेस, सांभाळून राहा.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटतं. सिस्टीम चुकीची बांधायची आणि युजरला मॅन्युअल वाचायला लावायचं. फरक इतकाच की इथे युजर सहा वर्षांचा आहे.

आता नेदरलँड्स. आज त्या देशाचं नाव घेतलं की सायकलवरून शाळेत जाणारी पोरं डोळ्यासमोर येतात आणि आपण म्हणतो, 'त्यांचं काय, त्यांची संस्कृतीच तशी!' तसं अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही पैसा आला, गाड्या आल्या. ॲमस्टरडॅममध्ये जुन्या वस्त्या पाडून मोठे रस्ते काढायचे बेत होते, चौकांचे पार्किंग लॉट झाले होते. १९७१ मध्ये तिथे रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सव्वा-दीड कोटी. या मृतांत ४०० पेक्षा जास्त मुलं होती.

त्यातली एक होती व्हिक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी. सहा वर्षांची, सायकलवरून शाळेत निघालेली. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये बापाने 'दे टाइट' या वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता 'स्टॉप दे किंडरमोर्ड'. मराठीत सांगायचं तर, 'मुलांचे खून थांबवा'. अपघात नव्हे, खून. एका शब्दाने सगळी चर्चा उलटी केली. 'अपघात' म्हटलं की नशीब आलं, दोन मिनिटं शांतता आली. 'खून' म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, कोणी केला?

या मथळ्याचं नाव घेऊनच संघटना उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष मार्त्ये फान पुटन, तेव्हा लहान मुलांची तरुण आई, पुढे युरोपियन संसदेत निवडून गेली. या लोकांनी काय केलं? अपघात होतात त्या चौकांत ठाण मांडलं. सायकल मोर्चे काढले. रस्ता बंद करून मुलांना खेळायला दिला, टेबलं मांडून भर रस्त्यात गल्लीचं जेवण घातलं. पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरासमोर सायकलींवरून, वाजंत्री घेऊन गेले आणि गाणी म्हणत सुरक्षित रस्ते मागितले. पंतप्रधानांनी ऐकूनही घेतलं.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट खुद्द पोरांची आहे. ॲमस्टरडॅममध्ये 'दे पाइप' नावाची जुनी कामगार वस्ती. अरुंद गल्ल्या, दाटीवाटीची घरं, खेळायला जागा नाही आणि दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या. आपल्या कुठल्याही जुन्या पेठेतल्या माणसाला ही गल्ली लगेच ओळखीची वाटेल. १९७२ मध्ये तिथल्या शाळकरी मुलांनी सह्या गोळा केल्या आणि आपली गल्ली गाड्यांना बंद करायची मागणी केली. डच टीव्हीने त्यावर केलेली फिल्म आजही इंटरनेटवर सापडते. त्यात मुलं स्वतः अडथळे लावून रस्ता अडवतात. एक गाडीवाला तणतणत उतरतो आणि ते अडथळे उचलून बाजूला फेकायला लागतो. मग मोठी माणसं एकमेकांवर ओरडतात आणि पोरं बघत उभी राहतात. जरूर बघा. भाषा कळली नाही तरी चालेल, त्या गाडीवाल्याचा चेहरा आपण रोज बघतो!

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. फक्त आंदोलनाने हे झालं नाही. १९७३ मध्ये तेलसंकट आलं, पेट्रोल वाचवायला सरकारने रविवारी गाड्या बंद ठेवल्या आणि लोकांना रिकामा रस्ता कसा दिसतो हे डोळ्यांनी बघायला मिळालं. दुसरं म्हणजे डेल्फ्ट शहरात काही इंजिनिअर आधीपासून वेगळे प्रयोग करत होते. त्यांनी गल्लीतला रस्ता आणि फूटपाथ एकाच पातळीवर आणला, मधे झाडं आणि बाकं ठेवली, रस्ता मुद्दाम वाकडा केला. गाडी आत येऊ शकते, पण माणसाच्या चालीनेच. याला 'वोनर्फ' म्हणतात, आणि १९७६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. मग १९८० च्या दशकात राहत्या भागांत ३० च्या स्पीडचे झोन आले.

३० च का? आपलं बारावीचं फिजिक्स आठवा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ५० ने जाणाऱ्या गाडीचा तडाखा ३० च्या गाडीपेक्षा दीडपट नाही, जवळजवळ पावणेतीन पट असतो. शिवाय ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो. ३० ने त्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढे जाते, ५० ने चौदा. समोर पहिलीतलं पोर असेल तर मधले सहा मीटर म्हणजे सगळं काही. आणि ते पोर मोठ्या एसयूव्हीच्या बॉनेटमागे उभं असेल तर ड्रायव्हरला दिसतसुद्धा नाही. त्याला 'उजवीकडे बघ, डावीकडे बघ' कितीही शिकवा, त्याची उंची वाढत नाही.

डच लोकांचा परिणाम काय? १९७१ ची ४०० पेक्षा जास्त मुलं, २०१० पर्यंत १४ वर आली.

आता आपल्याकडे या. तारीख १८ नोव्हेंबर १९९७, दिल्ली. सकाळी मुलांना घेऊन निघालेली शाळेची बस वजिराबादच्या पुलावरून कठडा तोडून यमुनेत पडली. बसमध्ये क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त, शंभरावर मुलं होती. २८ मुलं गेली. जे डच लोकांचं १९७२ मध्ये झालं, तोच क्षण आपल्यासमोर आला होता. देश हादरला होता, काहीतरी बदलणार हे नक्की होतं.

आपल्याकडे बदल आला तो कोर्टातून. एम. सी. मेहता यांची १९८५ ची एक याचिका सुप्रीम कोर्टात चालू होती. विषय होता दिल्लीतल्या गाड्यांचं प्रदूषण. दिल्लीच्या बस सीएनजीवर आल्या त्यासुद्धा याच याचिकेतून. अपघातानंतर कोर्टाने याच प्रकरणात वाहतुकीचे आदेश दिले. दिल्लीतल्या जड वाहनांना स्पीड गव्हर्नर लावा, मर्यादा ताशी ४० किलोमीटर. आला ना तो आकडा परत? सिनसिनाटीने १९२३ मध्ये नाकारलेली गोष्ट आपण ७४ वर्षांनी कोर्टाच्या हुकुमाने आणली, तीही फक्त काही गाड्यांना.

शाळेच्या बससाठी आज जी यादी आपण गृहीत धरतो, तिचं मूळ तिथे आहे. पुढे-मागे 'स्कूल बस' लिहिलेलं, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं यंत्र, दाराला नीट कडी, सोबत मदतनीस, अनुभवी ड्रायव्हर. आपण ज्यांना 'बसवाल्या मावशी' म्हणतो त्या मावशी या यादीतून आल्या. (पिवळा रंग मात्र अमेरिकेतून आला. १९३९ मध्ये फ्रँक सायर यांनी न्यूयॉर्कमध्ये परिषद भरवून तो ठरवला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावर काळी अक्षरं चटकन दिसतात.) महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. २०२२ मध्ये केंद्राने टू-व्हीलरवर बसणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, सेफ्टी हार्नेस आणि परत तीच ४० ची मर्यादा आणली.

हे सगळं चांगलंच आहे. पण नीट बघा, प्रत्येक नियम गाडीच्या आतल्या मुलासाठी आहे. बस कितीही पिवळी असली तरी मूल तिच्यातून उतरतंच, आणि उतरतं त्याच गेटसमोर. चालत येणारं मूल तर या यादीत कुठेच नाही. आणि चालत कोण येतं? ज्यांना बसची फी परवडत नाही, ज्यांच्या घरी स्कूटी नाही, ती मुलं. दे पाइपमध्येही हेच होतं: गाड्या बहुतेक दुसऱ्यांच्या, गल्ली त्यांची. आपल्याकडे गाडीने सोडणारे पालक म्हणतात, 'रस्ता इतका डेंजर आहे, चालत कसं पाठवणार?' आणि त्यांच्या गाड्यांनी तो रस्ता अजून डेंजर होतो. यात कोणा एका पालकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. प्रत्येकाचा निर्णय आपल्यापुरता बरोबरच असतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १८ वर्षांखालची साडेनऊ हजार मुलं गेली. रोजची सव्वीस.

गेटसमोरच्या शंभर मीटरला बाहेर आता एक साधा उपाय सापडला आहे: शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-पाऊण तास तो तुकडा गाड्यांना बंद. व्हॅन, रिक्षा, गाड्या थोड्या अलीकडे थांबतात, मुलं शेवटचं अंतर चालतात. इटलीतल्या बोल्झानोमध्ये हे तीन दशकांहून आधीच सुरू झालं, पुढे बेल्जियम, लंडन, पॅरिसने उचललं. खर्च काय, तर दोन बॅरिकेड आणि उभी राहणारी दोन माणसं. गणपतीत दहा दिवस आपण अख्खे रस्ते बंद करतोच की!

आणि यासाठी आपल्याकडे दार आधीपासून आहे. २०११ च्या त्या नियमांप्रमाणे महाराष्ट्रातल्या शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालकांचा प्रतिनिधी, ट्रॅफिक पोलीस आणि आरटीओची माणसं. म्हणजे रस्ता बंद करायला ज्यांची सही लागेल, त्यातले बरेचसे लोक एकाच टेबलावर बसतात, किंवा बसायला हवेत. तुमचं भावंडं, भाचे, पुतणे ज्या शाळेत असतील तिथे जाऊन विचारा: समितीची शेवटची मीटिंग कधी झाली, आणि त्यात बसच्या फीशिवाय गेटसमोरच्या रस्त्याचा विषय निघाला का? काय उत्तर मिळालं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.

पुढचा एपिसोड झेब्रा क्रॉसिंगवर. ते पट्टे आले कुठून आणि त्यांच्यावर आपल्याकडे कोणी थांबत का नाही, ते बघू. तोपर्यंत, भेटू!