हॅमर ब्लो: चाकाचा समतोल, रुळावरचा घाव

भिलाईत १९६० पासून रेल्वेचे रूळ तयार होतात. पण त्या रुळांवर आता वाफेचे इंजिन धावत नाही. मग ‘डायनॅमिक्स ऑफ मशीन्स’मध्ये त्याच्या समतोलाचा धडा कशाला, असे विद्यार्थी विचारतात. उत्तर इतिहासात आहे.

पिस्टन व क्रॉसहेड सतत मागेपुढे होत असल्याने सुरुवातीची इंजिने वेग घेताच हिसके देत आणि डोलत. फ्रान्सच्या ल शातलिए यांनी १८४९ मध्ये या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरचा उपाय म्हणजे चाकात बसवलेले समतोल वजन. चाकाबरोबर फिरणाऱ्या भागांचा समतोल त्याने पूर्ण साधतो. मागेपुढे होणाऱ्या भागांचे बल मात्र फक्त आडवे असते. त्यांच्यासाठी बसवलेले जादा वजन आडवा हिसका कमी करते, पण स्वतः फिरत असल्याने नवे उभे बल निर्माण करते. प्रत्येक फेरीत ते रुळावरचा दाब एकदा वाढवते, एकदा घटवते. हाच हॅमर ब्लो. म्हणून या भागांचा समतोल अंशतःच करीत.

भारतात १९४७ मध्ये आलेल्या डब्ल्यूपी इंजिनाचे उदाहरण घेऊ. चालक चाकाचा व्यास सुमारे १.७ मी., क्रँकची त्रिज्या सुमारे ०.३६ मी. एका चाकात क्रँकच्या त्रिज्येवर ५० किलो जादा वजन आहे असे समजू. ताशी १०० किमी वेगाला mrω² सूत्राने बल सुमारे १९ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ दोन टन येते. वेग निम्मा केला, तर बल चौथाई होते.

या घावांचा हिशेब पुलांना द्यावा लागला. ब्रिटनमध्ये १९२३ मध्ये सर आल्फ्रेड यूइंग यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिज स्ट्रेस कमिटी नेमली गेली. पुलाच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी चाकाच्या फेऱ्या जुळल्या की कंपने फार वाढतात, हे तिच्या १९२८ च्या अहवालानंतर दुर्लक्षिता येईना.

दरम्यान ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई–कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. तिच्या मोटरमध्ये मागेपुढे होणारा भागच नव्हता. त्यामुळे हा घावही नव्हता.

म्हणून परीक्षेत ‘समतोल साधला’ असे लिहून थांबू नका. उरलेले बल कोणावर गेले, तेही लिहा.