निवाड्याची वाट पाहताना

डहाणूहून बोर्डीकडे जाताना किनाऱ्याच्या रस्त्यावर नरपड लागते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. मेल्यावर माणसाच्या कर्माचा निवाडा होतो, ही कल्पना या किनाऱ्याला नवी नाही. पारशी मंडळी इथून जवळच, संजाणला उतरली, तेव्हा चिन्वत पुलाची कथा त्यांच्याबरोबर आली. ख्रिस्ती धर्मातला शेवटचा निवाडा आणि पश्चात्ताप डहाणूला पोहोचण्याची एक वाट मात्र अमेरिकेच्या वळणाची होती. त्या प्रवासाची सुरुवात एका जर्मन नदीत आहे.

1688 ते 1697 या काळातल्या युद्धात जर्मनीचा पॅलॅटिनेट प्रांत बेचिराख झाला. जळालेली गावे पाहून पुष्कळांना वाटू लागले की बायबलच्या अखेरच्या पुस्तकातले भाकीत खरे होत आहे. त्याच प्रांतातल्या गिरणीवाल्याच्या घरचा अलेक्झांडर माक. 1708 मध्ये श्वार्झेनाऊ येथे एडर नदीत आठ जणांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला. पाच पुरुष, तीन स्त्रिया. कायद्याने हा गुन्हाच होता. छळाला कंटाळून ही मंडळी पुढे पेनसिल्व्हेनियात गेली. ‘ब्रदरन’ पंथ तो हाच.

तिथे एक फाटा फुटला. कॉनराड बायसेल नावाच्या गृहस्थाने 1732 मध्ये इफ्राटा येथे मठ उभारला. ख्रिस्त चोरासारखा रात्री येणार, म्हणून तिथले ब्रह्मचारी स्त्री-पुरुष रोज मध्यरात्री उठून दोन तास जागत. काकड आरतीला उठणाऱ्या आपल्या लोकांना त्यात फारसे नवल वाटणार नाही. पण ही जागरणे पिढीभरापुरतीच टिकली. 1813 मध्ये मठातले शेवटचे ब्रह्मचारी गेले. तारीख ठरवून बसणाऱ्यांची गत याहून वाईट झाली. विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला होता. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि हजारो माणसे रडत घरी परतली.

भाकिताकडे पाहण्याची दुसरी रीत बायबलमध्येच आहे. योना संदेष्टा निनवे शहरात जाऊन सांगतो की चाळीस दिवसांत तुमचा नाश होईल. राजापासून रंकापर्यंत सगळे वागणे बदलतात आणि नाश टळतो. भाकीत खोटे पडले म्हणून चिडतो तो एकटा योना! मला ही गोष्ट सगळ्या गणितांपेक्षा शहाणी वाटते. हिब्रूत पश्चात्तापासाठी जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘मागे वळणे’. आपल्या मराठी शब्दात नंतरचा ताप आहे. वळणे आपल्याला वेगळे सांगावे लागते.

ब्रदरनांचे पहिले मिशनरी, विल्बर स्टोव्हर आणि मंडळी, 1894 मध्ये भारतात आले आणि वलसाडला राहिले. पाठोपाठ 1899-1900 चा दुष्काळ आला. गुजरातेत त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. दुष्काळ म्हणजे देवाचा कोप, असे तेव्हा अनेक धर्मांचे लोक म्हणत होते. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र शेवटच्या निवाड्याचे प्रश्न अगदी साधे आहेत: भुकेल्याला खाऊ घातले का, आजाऱ्याकडे गेलात का? ब्रदरनांनी अनाथ मुले आसऱ्याला घेतली. अन्नाबरोबर त्या मुलांना धर्मही मिळाला, आणि तो त्यांनी निवडलेला नव्हता; ही टीका खोटी नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी काम डहाणूला आले, दवाखाना निघाला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र आल्या, त्यात हीही होती.

या पंथाचा खास विधी म्हणजे प्रीतिभोजन. जुन्या रीतीप्रमाणे आधी मंडळीचे सेवक घरोघर जात आणि विचारत, कुणाशी वैर आहे का? असेल तर त्या माणसाकडे जाऊन ते मिटवायचे. मग सगळे ओळीने बसत, पुरुष पुरुषांत, बायका बायकांत. कमरेला पंचा बांधून एकाने दुसऱ्याचे पाय धुवायचे, पुसायचे आणि पंचा पुढच्याकडे द्यायचा. त्यानंतर सर्वांनी मिळून साधे जेवण करायचे, आणि शेवटी भाकर आणि प्याला.