तळटीप : ‘बा’

बा : येथे हा शब्द कानडी आहे, अर्थ ‘ये’. मराठी वाचक तो ‘बाप’ या अर्थी किंवा ‘बा विठ्ठला’सारखे संबोधन म्हणून वाचेल, आणि नातवाला हाक मारणारी आजी त्याला वडिलकीचा मान देते आहे, असा भलताच समज होईल. आजीच्या उमरगा तालुक्याची हद्द कर्नाटकातील आळंद आणि बसवकल्याण तालुक्यांना भिडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे मराठी बोलण्यात कानडी शब्द सहज मिसळतात. कानडीत ‘बा’ धाकट्यांना आणि जवळच्यांना, वडीलधाऱ्यांना ‘बन्नि’. उलट मराठी ‘बा’ देवाच्या नावालाही लागतो : विठोबा, खंडोबा. निजामी अमलात दरबारी भाषेतून फारसी ‘बा’ही इथे वावरत होता, ‘सह’ या अर्थाचा, ‘बाइज्जत’मध्ये तो आजही आहे. गुजरातीत ‘बा’ म्हणजे आई, चिनीत आठ. मराठी आर्यकुळातली, कानडी द्राविडी. त्यांच्या ‘बा’मधले साम्य केवळ ध्वनीचे आहे. मिटलेले ओठ उघडले की निघणारा हा उच्चार बहुतेक भाषांना सोपाच. ‘बा’ काढून ‘ये’ छापणे म्हणजे सीमाभागाची बोली पुसणे, म्हणून मूळ शब्द कायम ठेवला आहे. यापुढे आजीच्या तोंडचा ‘बा’ कानडी समजावा. ‘बा पांडुरंगा’ तेवढा मराठी. – संपादक